मच्छिंद्रीच्या वर

एकोणीस साली आमच्या पतसंस्थेत
नदी मागच्या दारानं आली.
आठ दिवसांनी ती गेली, तेव्हा
नेजदार काकांनी सीपीयूच्या पोटातून
ओंजळभर गाळ काढला, आणि एक मेलेली मासोळी.
"घ्या, मार्चचं क्लोजिंग," म्हणाले.
कुणी हसलं नाही.

मग तबस्सुम मुजावर आली,
सायबर चौकाकडून, स्कूटीवर.
टेबलाखालचे सगळे डबे तिनं टेम्पोत घातले.
मागं राहिला पडदा, कीबोर्ड
आणि पानाच्या डब्याएवढी एक पेटी.
"मग आमचा कॉम्प्युटर कुठाय?"
"नाशकात, काका. त्याची जुळी बहीण नागपुरात."
"आणि हे समोर दिसतंय ते?"
"ही नुसती खिडकी. घर तिकडं."
काका दिवसभर पडद्यामागं हात घालून बघत होते,
आरशामागं मांजर बघतं तसे.

भर मे महिन्यात, डांबर वितळत असताना,
तिनं पूर आणला.
"समजा, राजाराम बंधाऱ्यावर एकेचाळीस फूट.
उठा, घरी जा, आणि मिळेल त्या यंत्रावर
आपली संस्था उघडा."
शिंत्रे मॅनेजरांचा पासवर्ड चुकला, तीनदा.
वैजयंताकडं नेट नव्हतं.
काका घरी जाऊन झोपले.
तिनं सगळं वहीत लिहिलं, काकांचं झोपणंसुद्धा,
आणि मृगाच्या आत आणखी दोनदा पूर आणला.

जुलैत खरा आला.
मोबाईलवर कुणीतरी कळवलं: मच्छिंद्री झाली.
गल्लीतले कुंभार गणपती माळ्यावर चढवत होते,
बिनरंगाचे, डोळे अजून न आखलेले,
एकेकाला कडेवर घेऊन.
आम्ही काहीच उचललं नाही.
रिकाम्या हातानं कुलूप लावून निघताना
मला चोरासारखं वाटलं.

राजारामपुरीत नणंदेच्या घरी
भाच्याच्या लॅपटॉपवर, धोनीच्या स्टिकरशेजारी,
मी सहा आकडे टाकले.
सोमवारी अर्धवट सोडलेलं पत्र तसंच होतं:
"आपणांस कळविण्यात येते की"
आणि पुढं कर्सर,
लुकलुकत, जागेवर.
तिकडं माझ्या खुर्चीच्या हातांवर पाणी आलं असेल.
हे वाक्य कोरडं होतं.
मी पुढं लिहिलं: "संस्थेचे कामकाज चालू आहे."
लिहून स्वयंपाकघरात गेले, उगाच.

चिखलीच्या आक्काताई पाटलांचा फोन आला, शाळेतल्या छावणीतून.
"सात हजार पायजेत. म्हशीस्नी वैरण न्हाई.
पर माझं पुस्तक पाण्यात गेलं."
"पुस्तक गेलं, आक्का. खातं आहे."
"खातं कुठं असतंय?"
"नाशकात."
थोडा वेळ नुसता पावसाचा आवाज.
"तिकडंबी नदी हाय की, बाई."
मला उत्तर सुचलं नाही. तबस्सुमला विचारलं.
"म्हणून तर नागपूर," ती म्हणाली.
पैसे नातवाच्या फोनवर गेले, बारा सदतीसला.

पाणी उतरल्यावर ड्रॉवर उघडला.
टिकल्यांचं पाकीट, मुलीचा पडलेला पहिला दात, डबीत,
डबीत पाणी. यांची जुळी कुठंच नव्हती.
दत्तू शिपायाची चहाच्या उधारीची वही
भाकरीसारखी फुगली होती.
पानं सुटी केली, तर नुसती निळाई.

काकांनी नवी वही आणली.
दत्तू डोळे मिटून आठवत होता, बोटांवर मोजत.
"शिंत्रेसाहेब, अकरा कप. वैजयंताताई, नऊ.
काका, तुमचे… तेवीस."
"तेवीस?" काका चष्मा पुसत म्हणाले,
"सव्वीस घाल."